जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, आठ महिन्यांनी (आणि लॉगिनची भानगड)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा म्हातारा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना. नवा घ्यायची इच्छा नव्हती, म्हणून लिनक्स टाकलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. वेग, बॅटरी वगैरे झकास, त्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मला फक्त लॉगिन स्क्रीनशी भांडायचंय.

गेल्या महिन्यात अपग्रेड केलं आणि पडदा काळा. कुठंतरी वाचून 'सुडो -ई स्टार्टएक्स' मारलं (म्हणजे डेस्कटॉप रूटच्या, सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारात सुरू केला), डेस्कटॉप उघडला, उरलेले अपडेट टाकले, स्वतःवर जाम खूश. दुसऱ्या दिवशी लॉगिन नीट आलं. पासवर्ड टाकला, पडदा एकदा लुकलुकला आणि पुन्हा तीच चौकट. पंधरा वेळा तेच.

वाटलं, कीबोर्ड मराठीवर अडकलाय. ठिपक्यांमागे काय उमटतंय कोणाला दिसतंय! मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला, तर लगेच खडसावलं. म्हणजे चुकलं तर बोलतो, बरोबर असलं तर मुकाट हाकलतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन परवडला, तो निदान कारण सांगतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच 'फॉरमॅट, ८०० रुपये' सांगितलं.

इथवर लिहून एक स्टार देणार होतो. पण ८०० चा आकडा झोपू देईना. रात्री कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं (त्यानं नुसत्या अक्षरांचं लॉगिन उघडतं), काळ्या पडद्यावर तोच पासवर्ड मुकाट चालला. मराठी नावांच्या फाइलींचे नुसते चौकोन दिसत होते, पण 'एलएस -एलए' या आज्ञेनं आलेल्या फाइलींच्या यादीत '.एक्सऑथॉरिटी' समोर मालक आणि गट म्हणून दोनदा 'रूट' स्पष्ट दिसलं. पडद्यावर चित्र काढायची परवानगी ज्या फाइलीत असते, ती माझ्याच घरात रूटच्या नावावर! अर्थात त्या सुडोनं, म्हणजे मीच केलेलं. फाइलीचं नाव बदललं (फोल्डर आपलं असलं की त्याला रूट लागत नाही), परत लॉगिन केलं, नवी फाइल आपोआप बनली, डेस्कटॉप हजर.

सिस्टीमवरचा राग गेला. लॉगिन स्क्रीनवरचा नाही, कारण नंतर लाइटडीएमचा, म्हणजे ती स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग (नोंदवही) उघडला तर त्यात फाइलीच्या नावासकट 'परमिशन डिनाइड' लिहिलेलं होतं. वहीत लिहितोस, मग तोंडानं सांगायला काय झालं?

चार स्टार. नाव बदलायची ती ओळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीय, दुधाच्या हिशोबाशेजारी.