डेटा सेंटरमधून निवृत्त झालेल्या हार्ड डिस्क, मुंबईच्या वन बीएचकेमध्ये

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतलेल्या ८ टीबीच्या चार जुन्या एंटरप्राइझ (डेटा सेंटरसाठी बनवलेल्या) डिस्क गेल्या पावसाळ्यापासून घरच्या सर्व्हरमध्ये अखंड चालू आहेत. प्रत्येकीच्या ‘स्मार्ट’ अहवालात (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) चाळीस हजारांच्या आसपास तास दिसत होते, म्हणजे साधारण साडेचार वर्षांची सलग सेवा. हा आकडा पाहून अनेकजण मागे सरतात. मला मात्र तो लपवणारा विक्रेता अधिक धोक्याचा वाटतो. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून बाजारात आल्याचे उघड झाले, तेव्हा स्मार्टमधील तास शून्यावर आणलेले होते. खरे तास ‘फार्म’ लॉग या सीगेटच्या वेगळ्या अंतर्गत नोंदीत शिल्लक राहिले होते. हा लॉग डिस्क तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येतो.

तासांपेक्षा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे, पाहावेत: किती रिअलोकेटेड (खराब ठरून बदललेले) आणि किती पेंडिंग (नीट वाचता न आल्याने संशयित) आहेत, आणि तेही डिस्कवर पूर्ण ताण देऊन झाल्यावर. बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लेखन-चाचणी पूर्ण डिस्कवर चार नमुने लिहून प्रत्येक वेळी परत वाचते. ८ टीबीला त्यासाठी चार दिवसांहून अधिक लागतात. याच चाचणीत एका डिस्कवर पेंडिंग सेक्टर उमटले आणि ती बदलून मिळाली, कारण तशी अट बिलावर लिहून घेतलेली होती. तोंडी आश्वासनावर हा व्यवहार करू नये.

सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्क स्वस्त दिसतात, पण त्या जोडायला वेगळे एचबीए कार्ड लागते, आणि काहींचे सेक्टर नेहमीपेक्षा वेगळे, ५२० बाइटचे असल्याने आधी फॉरमॅट बदलावा लागतो. म्हणून मी घरच्या संगणकाला थेट जोडता येणाऱ्या सॅटा डिस्कच घेतल्या.

खरी किंमत आवाजाची आणि उष्णतेची आहे. ७२०० आरपीएमच्या चार डिस्कची घरघर आणि हेड हलल्याची कडकड रात्री हॉलमध्ये झोपणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते. सर्व्हर माळ्यावर टाकण्याचा मोह होतो, पण तिथे हवा खेळत नाही. आमचा पॅसेजमध्ये, रबरी पायांवर आहे. मे महिन्यात पंखा वाढवूनही तापमान पंचेचाळिशीच्या वर गेले, अर्थात उत्पादकाच्या ६० अंशांच्या मर्यादेच्या बरेच आत. निव्वळ फिरत राहण्यासाठी या डिस्क महिन्याला सतरा-अठरा युनिट खातात.

चारही डिस्कची मांडणी रेड-झेड-२ आहे, म्हणजे दोन डिस्कइतकी जागा माहिती परत उभी करण्यासाठी राखलेली असते; त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. फोटोंची स्वतंत्र प्रत ठाण्याला बहिणीकडे असते. ती मात्र नव्या डिस्कवर ठेवली आहे, कारण कपाटात पडून राहणाऱ्या डिस्कची तब्येत रोज विचारणारे तिथे कोणी नाही.