चिठ्ठी न लावलेला तंबोरा आणि माझे 37,360 रुपये

सांगलीत आमचं वाद्यांचं छोटं दुकान आहे. तबले, पेट्या, टाळ आणि मिरजेहून येणारे सतारी-तंबोरे. दुकानात येणारं गिऱ्हाईक कमी झालं म्हणून एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विक्रेता म्हणून खातं काढलं. परत आलेल्या खोक्यात विटा निघतात, साबणाच्या वड्या निघतात, हे तुम्ही वाचलंय तसं मीही वाचलं होतं. माझ्या खोक्यात वीट नव्हती, तंबोराच होता. म्हणून तर मला काही सिद्ध करता आलं नाही.

मिरजेचे आमचे कारागीर चाचा, त्यांनी केलेला लेडीज तंबोरा (बायकांच्या आवाजाला जुळणारा), किंमत 32,500 रुपये. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून परगावच्या चौकशा येत होत्या, त्यातलीच ही एक. खरेदीदार बारीकसारीक विचारत होता. भोपळ्याचा घेर किती इंच? दांडी किती लांब? पॉलिश तांबूस की काळपट? पाठीमागून फोटो मिळेल का? मला वाटलं, माणूस जाणकार आहे. हौसेनं टेप लावून मापं घेतली, चार फोटो पाठवले. आता कळतं, तो आपल्याकडच्या मोडक्या तंबोऱ्याशी माझा तंबोरा जुळवून बघत होता.

शेवटी त्यानं लिहिलं, "गुरुजींना भेट द्यायचाय, कारागिराच्या नावाची चिठ्ठी लावू नका."

इथंच मला कळायला हवं होतं. मिरजेचा तंबोरा घेणारा माणूस कारागिराचं नाव आधी बघतो. भेट द्यायची तर ते नाव मिरवायची गोष्ट, लपवायची नव्हे. चाचा खळ लावून चिठ्ठी चिकटवायच्या बेतात होते. म्हणाले, "नावाबिगर कसा पाठवायचा?" मीच म्हटलं, "राहू द्या चाचा, गिऱ्हाईक म्हणतंय." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तो प्रसंग आठवला की अजून रात्री झोप उडते. गेली अनेक वर्षं धंदा करतोय, गिऱ्हाईकानं भेटवस्तूवरची किंमत काढायला सांगितली तर आपण काढतोच की. चिठ्ठीचंही मला तसंच वाटलं. यात माझं फार चुकलं असं मी आजही मानत नाही. पण तुम्ही मात्र कोणी कितीही गोड बोललं तरी नाव, शिक्का, नंबर काढू नका. उलट आतल्या बाजूला दिसणार नाही अशी एक खूण करा आणि पाठवण्याआधी तिचा व्हिडिओ काढून ठेवा.

माल पोचल्यावर सात दिवसांनी पैसे आमच्या खात्यात पडतात. सहाव्या दिवशी संध्याकाळी परतीची मागणी आली: 'वस्तू खराब'. कंपनीनं मला विचारलंही नाही, मंजूर करून टाकली. खरेदीदाराकडून खोकं नेणाऱ्या पोरानं तपासलं म्हणे. त्याच्या मोबाइलवर तंबोऱ्याचा फोटो, समोर तंबोरा. तो बिचारा आणखी काय बघणार?

खोकं दुकानात आलं तेव्हा पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, आणि जतचं एक भजनी मंडळ पेटी बघत बसलेलं. कुरिअरवाला भिजत उभा. "साहेब, ओटीपी सांगा, अजून अकरा ठिकाणी जायचंय." मी सांगितला. खोकं न उघडता! दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर वरवर आमचाच वाटावा असा तंबोरा. चाचांना बोलावलं. त्यांनी बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो आपला भोपळा न्हाई." दांडीच्या जोडापाशी चीर होती, लाख भरून वरून पॉलिश मारलेलं. तारा जिच्यावर टेकतात त्या आमच्या घोडीला हाड, याच्या घोडीला प्लास्टिक.

कुरिअरवाल्याला थांबवा. शिव्या खाल्ल्या तरी थांबवा. खोकं त्याच्यासमोर फोडा आणि पत्त्याच्या चिकटपट्टीपासून आतल्या वस्तूपर्यंत व्हिडिओ एका दमात काढा, मध्ये थांबलात तर तो धरत नाहीत.

मी दावा टाकला. उत्तर आलं: ओटीपी दिला म्हणजे माल स्वीकारला. पुन्हा टाकला. घोडी बदलता येते, तो पुरावा नव्हे; वस्तूवर ओळखक्रमांक किंवा निर्मात्याचं नाव असल्यास फोटो जोडा. निर्मात्याचं नाव! तिसऱ्यांदा लिहिलं तर दावा बंद. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. खरेदीदाराला पूर्ण परतावा केव्हाच मिळाला होता. माझा हिशेब असा: तंबोरा 32,500, जाताना भाडं 1,640, येतानाचं 1,480, प्लायचं खोकं 1,150 आणि वर परतावा-प्रक्रिया शुल्क 590. एकूण 37,360. चाचांचे 26,000 मी दोन हप्त्यांत चुकते केले. ते नको म्हणत होते.

पोलीस ठाण्यात गेलो. "हा तुमचा आणि कंपनीचा व्यवहार, दिवाणी मामला." दुसऱ्या खेपेला, "सायबरकडं जा." सायबरवाले म्हणाले, पैसे भामट्याच्या खात्यात गेले असते तर गोठवले असते, इथं कंपनीनंच परत दिलेत, गोठवणार काय? तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. दुकान बंद ठेवून तीन दिवस बाकड्यावर बसलो आणि तंबोरा म्हणजे काय हेच समजावत राहिलो. एकानं विचारलं, "मोबाइल-बिबाइल न्हाई ना गेला?" माझ्याकडे सगळी पत्रापत्री छापून होती, एकानंही पहिल्या पानापुढं वाचली नाही.

गिऱ्हाईक फसलं तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात, पाच लाखांपर्यंत फीविना दाद मागता येते. हे हवंच, मीही कुठं तरी गिऱ्हाईक आहेच. पण विकणारा फसला तर त्यानं कुणाचं दार वाजवायचं?

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते ऐका. फसवणुकीला आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची असते. नाही घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाखाली तीच तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवायची. तिथंही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. तोंडी काही सांगू नका. प्रत्येक कागदावर पोच घ्या.

मी मागच्या सोमवारी टपालानं तक्रार पाठवली आहे. चाचा म्हणतात, चीर नीट भरून शिकणाऱ्या एखाद्या पोरीला देऊन टाकू. मी त्यांना हात लावू दिलेला नाही. तंबोरा दुकानात कोपऱ्यात उभा आहे, खोक्यासकट, पत्त्याच्या चिकटपट्टीसकट.