टाहोचा 'गाइड' आणि माझे ९८३ डॉलर

लिहायला लाज वाटतेय, पण बे एरियातल्या आपल्या मंडळींपैकी निदान चार जण वाचतील म्हणून लिहितो. लिफ्टवरचं स्कीइंग बरंच झालं, आता स्कीला स्किन (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून स्वतःच्या पायांनी टाहो तळ्याजवळचा माउंट टॅलॅक डोंगर चढू, असं मी आणि मेहुण्याने ठरवलं. हिमस्खलनातलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही, म्हणूनच गाइड शोधला. म्हणजे फसलो तेसुद्धा शहाणपणा करायला जाऊन!

बाबा भेटला खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर. दोन दिवसांचे आगाऊ ६४० डॉलर, बीकन, प्रोब, फावडं (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायचं सामान) यांच्या भाड्याचे २७५ आणि डोंगर ज्या राखीव रानात येतो त्या डेसोलेशन वाइल्डरनेसच्या 'परमिट'चे ६८. तिथलं दिवसाचं परमिट फुकट असतं. फुकट!

त्याने 'गेल्या रविवारचा टाहो' म्हणून फोटो पाठवला. मागे तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरंफटक, गोठलेलं. अहो, टाहो गोठत नाही! पाचशे मीटर खोल आहे ते. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टला हे मीच त्याला शिकवलंय. फोटो बघून क्षणभर थबकलोसुद्धा. मग म्हटलं, एमराल्ड बे असेल, तो कोपरा कधीमधी गोठतो. त्या चोराची वकिली मीच केली आणि फीसुद्धा मीच भरली. क्रेडिट कार्ड घेत नाही म्हणाला, म्हणून बँकेच्या अॅपमधून थेट त्याच्या नंबरवर. कार्ड नको म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवा.

शनिवारी रात्री एकला फ्रीमाँटहून निघालो, हायवे ५० वर चाकांना साखळ्या चढवल्या, सहाला हायवे ८९ च्या कडेला हजर. नऊपर्यंत कुडकुडलो. नंबर बंद. मेहुणा एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं.

बँकेने ४७ मिनिटं संगीत ऐकवून सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? तिकडचे पोलीस म्हणाले, राहता तिथे तक्रार द्या. इथले म्हणाले, घडलं तिथे द्या. मग काय, मधे सॅक्रामेंटोला उभा राहून ओरडू? सरकारी सायबर साइटवर तासभर फॉर्म भरला, बदल्यात एक नंबर मिळाला. तो जपून ठेवलाय, फ्रेम करायला. आणि हो, तिथे पैसे घेऊन गाइडगिरी करायला वनखात्याचा परवाना लागतो. तो आधी मागा, मी मागितला नाही.

काल त्याच ग्रुपवर नव्या नावाने तोच फोटो दिसला. तेच गोठलेलं तळं. दोनच जागा शिल्लक आहेत म्हणे.