"नॅचरल" एन्झाइम कॅप्सूल घेऊन मी कसा गंडलो

कोलेस्टेरॉलसाठी मी सिम्व्हास्टॅटिन घेतो, बरीच वर्षं झाली, कधी त्रास नाही. मग एक जाहिरात दिसली, आतड्यातले एन्झाइम "जागे" करून शरीरात साचलेली केमिकल आणि औषधांचा गाळ बाहेर काढणारी कॅप्सूल म्हणे. मी विचारलं पण होतं हो, माझी गोळी चालू आहे, सोबत चालेल का? उत्तर आलं, शंभर टक्के नॅचरल आहे, कशाहीसोबत चालतं. मी पैसे भरले.

तिसऱ्या आठवड्यात मांड्या आणि पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढवेना. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, गोळीशिवाय अजून काय घेताय? बाटली दाखवली तर त्यांनी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. अमायलेज, लायपेज, आणि ग्रेपफ्रूटचा अर्क. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसासारखं एक आंबट फळ, मी तर ते द्राक्ष समजून सोडून दिलं होतं!

अमायलेज-लायपेज स्टार्च आणि फॅट पचवतात, औषधं मोडण्याशी त्यांचा संबंध नाही. आतड्यातले औषधं मोडणारे एन्झाइम वेगळे, ते आतड्याच्या अस्तराच्या पेशींच्या आतच असतात, त्यातला मुख्य सीवायपी3ए4. सिम्व्हास्टॅटिनचा मोठा हिस्सा हा एन्झाइम आणि लिव्हर मिळून आधीच संपवतात, 5 टक्क्यांहून कमी रक्तात पोचतं आणि डोस तेच धरून ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन नावाची रसायनं आतड्यातला हा एन्झाइम कायमचा बाद करतात, नवीन तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे गोळी सकाळी आणि कॅप्सूल रात्री घेतली तरी सुटका नाही. म्हणजे जे जागे करणार होते तेच यांनी झोपवले, आणि माझी रोजचीच गोळी कितीतरी जास्त डोससारखी वागायला लागली. या औषधाचं प्रमाण रक्तात फार वाढलं की स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून ते दुखणं.

आणि हे काही नवीन गुपित नाही. 1989 मध्येच कॅनडातल्या संशोधकांनी छापलं होतं, फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर दारूचा परिणाम तपासताना दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला आणि औषधाची पातळी भलतीच वर गेली. विकणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणावं तर अर्क लपवला कशाला?

रक्त तपासलं तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा एन्झाइम) वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, गोळीही काही दिवस थांबवली (हे त्यांनी ठरवलं, मी नाही, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका कुणी). दुखणं गेलं. पैसे परत मागितले तर म्हणे सील फोडलंय, मग मला ब्लॉकच केलं. कुणी असलं काही घेत असाल तर आधी पुढचं लेबल सोडा आणि मागचं वाचा, आणि तो फोटो डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला पाठवा. काल तीच बाटली परत जाहिरातीत दिसली, आता नाव "लिव्हर क्लीन" आहे.