स्क्रॅपी डूचा पहिला सीझन परत बघितला, आणि त्याच्यावरचा लोकांचा राग मला नाही पटत

'स्कूबी डू' म्हणजे फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी हे चार मित्र आणि स्कूबी हा त्यांचा घाबरट कुत्रा भुतांची रहस्यं उलगडतात ते अमेरिकन कार्टून, आणि स्क्रॅपी हे त्यात नंतर आलेलं कुत्र्याचं पिल्लू. बघितला तो 'स्कूबी डू अँड स्क्रॅपी डू'चा पहिला सीझन, 1979-80 चा, एकूण 16 भाग. भावाने अमेरिकेतून येताना डीव्हीडीचा सेट आणला आणि गेले दोन आठवडे मी आणि माझा साडेसहा वर्षांचा मुलगा रोज रात्री जेवण झालं की एक भाग बघतोय. कोणी तिकडून मागवणार असेल तर आधीच सांगते, डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा रिजन नंबर असतो, तिकडच्या डीव्हीडी रिजन 1 च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेयर रिजन 5 चे, आमच्या प्लेयरवर लागलीच नाही, शेवटी लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रिजन बदलला, पण तोसुद्धा पाचच वेळा बदलता येतो आणि मग आहे तिथेच लॉक होतो, तेव्हा जपून.

आता स्क्रॅपीबद्दल. स्कूबीच्या फॅन लोकांसमोर नुसतं नाव काढा, लगेच तोंडं वाकडी होतात. आगाऊ आहे, कर्कश आहे, सारखं 'पपी पावर' ओरडतो, याच्यामुळे सिरीज बिघडली. राग इतका की इंग्रजी फॅन मंडळींच्या बोलण्यात कुठल्याही सिरीजमधल्या नकोशा झालेल्या कॅरेक्टरला सरळ 'द स्क्रॅपी' म्हणतात. एका कुत्र्याच्या पिल्लाचं नाव शिवीसारखं वापरायचं, मला खरंच वाईट वाटतं.

मुळात तो आला कशाला ते बघा ना. 1969 ला सुरू झालेली सिरीज दहा वर्षांत तोच तोच साचा वापरून थकली होती, रेटिंग पडलं होतं आणि ती दाखवणारं एबीसी चॅनल ती बंद करायच्या बेतात होतं. तेव्हा सिरीज बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा कंपनीने हे पिल्लू आणलं. पहिल्या भागाची स्क्रिप्ट मार्क इव्हॅनियरची, आणि पिल्लाचा स्वभाव त्यांनी घेतला लूनी ट्यून्स कार्टूनमधल्या हेनरी हॉकवरून, म्हणजे तो इवलासा ससाणा जो स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या कोंबड्याला पकडायला निघतो. आणि चाललं की ते! रेटिंग वर आलं, सिरीज टिकली. आज जे फॅन त्याला नावं ठेवतात त्यांना स्कूबी बघायला मिळाला त्यात या पिल्लाचाही वाटा आहे हे कोणी बोलतच नाही.

मला विचाराल तर लोकांचा खरा राग आहे 1980 नंतरच्या भागांवर. तेव्हा सिरीजचे सात-सात मिनिटांचे तुकडे केले, फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा तिघांनाही काढलं, रहस्य गेलं, शेवटी भुताचा मुखवटा ओढून आतला माणूस उघडा पाडायची ती मजाही गेली, राहिले फक्त शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी. हा निर्णय वरच्या लोकांचा, पण पडद्यावर नवीन दिसत होता स्क्रॅपी, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. पहिल्या सीझनमध्ये असं नाहीये, पाचही जण आहेत, त्यांची मिस्टरी मशीन नावाची व्हॅन आहे, भूत आहे, सगळं जागच्या जागी. पहिल्याच भागात कॉमिक्समधला ब्लू स्कॅरब नावाचा हिरो कागदातून बाहेर येऊन चोऱ्या करायला लागतो, काय मस्त आयडिया आहे! रोलर डिस्कोमधलं निऑनचं भूत पण भारी, 1979 ची हवाच आहे त्या भागात.

एक गोष्ट मात्र आपल्या भाषेत बघितली की जास्त कळते. इंग्रजीत तो 'अंकल स्कूबी' म्हणतो, अंकल म्हणजे कोणीही असू शकतं, पण स्क्रॅपीची आई रूबी ही स्कूबीची बहीण, म्हणजे हा मामा आणि तो भाचा! आता परत बघा. मामा भुताला बघून थरथरतोय आणि भाचा ओरडतोय सोडा मला, दाखवतोच त्याला, कारण त्याची पक्की खात्री आहे की मामा जगातला सगळ्यात शूर कुत्रा आहे. आणि तो घाबरट मामा काय करतो, पळता पळता मागे येतो, पिल्लाला उचलतो आणि मग पळतो, दर वेळेला. स्वतःचा जीव मुठीत धरून पळणारा स्कूबी भाच्याला मागे सोडून जात नाही. मला तरी हा सीझन या एका गोष्टीसाठी आवडला.

खटकलं तेही सांगते. तीच तीच वाक्यं प्रत्येक भागात, चौथ्या-पाचव्या भागानंतर मोठ्या माणसाचं डोकं उठतं हे मान्य. वेल्माला कमी काम आहे. भीती तर जवळपास संपलीच, कारण एक जण अजिबात घाबरत नसेल तर भुताचा वचक राहणार कसा, फॅन लोकांचा हा मुद्दा अगदी बरोबर आहे. स्क्रॅपीच्या आवाजाचं म्हणाल तर या सीझनला लेनी वाइनरिब आहेत, पुढे 1980 पासून डॉन मेसिक आले, ज्यांचा आवाज स्कूबीला होता, म्हणजे मामा-भाचे दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यातून. मला मेसिक जास्त आवडतात, त्यांचा स्क्रॅपी मऊ वाटतो.

2002 च्या 'स्कूबी डू' पिक्चरवर मात्र माझा अजून राग आहे, शेवट माहीत नसेल तर पुढच्या दोन ओळी सोडा. तिथे मिस्टर बीनवाल्या रोवन ॲटकिन्सनच्या रूपातल्या रोबोटच्या आत स्क्रॅपी बसलेला निघतो, तोच व्हिलन. थिएटरमध्ये लोक हसले, मी नाही हसले, लहानपणी केबलवर ज्याच्याबरोबर उड्या मारल्या त्याला असं करायचं?

माझा मुलगा घरात सगळ्यात लहान. चुलत भावंडं त्याला क्रिकेटमध्ये कच्चा लिंबू करतात, बॉल आणायला पाठवतात. तिसऱ्या भागापासून तो सोफ्यावर उभा राहून स्क्रॅपीबरोबर ओरडायला लागला, त्याला मी काही शिकवलं नव्हतं. लहान असून पुढे जायचंय, आणि सगळे मागे ओढतायत, हे त्याला लगेच कळलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. घरात पाच ते आठ वर्षांचं पोर असेल तर साडेचार. एका बैठकीत सगळे भाग बघू नका, रोज एकच. आमचे दोन राहिलेत, आणि शेवटच्या भागात स्कूबीला पळवून नेतात आणि या वेळी सोडवायला भाचा जातो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.