इंटिरियर डिझायनरशी बजेटचं बोलणं: आकडा आधी सांगावा की आराखडा आधी मागावा?

पहिल्याच भेटीत डिझायनर विचारतात, “बजेट किती धरलंय?” आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागतात. आकडा सांगितला तर तो पुरता संपवला जाईल, ही एक भीती. नाही सांगितला तर आवाक्याबाहेरचं डिझाइन समोर येईल, ही दुसरी. दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. घराचं बांधकाम अजून चालू असेल तर दुसरी कितीतरी जड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आराखडा आधी’ म्हणजे आपण गरजा सांगायच्या, आवडलेले फोटो द्यायचे, डिझायनरने डिझाइन आणि अंदाजपत्रक करायचं आणि मग रकमेवर बोलायचं. खर्चाचा काहीच अंदाज नसलेल्याला हा मार्ग सोयीचा वाटतो. अडचण पुढे येते. आकडा नसला की डिझायनर तो फोटोंवरून ताडतात, आणि फोटो तर व्हेनिअरच्या (खऱ्या लाकडाच्या पातळ थराच्या) भिंतींचे आणि लपवलेल्या दिव्यांचे असतात. अंदाजपत्रक येतं तेव्हा घरच्यांच्या मनातल्या रकमेच्या बरंच वर गेलेलं असतं. मग कात्री लागते.

ही कात्री कुठे चालते, ते नीट बघायला हवं. थ्री-डी चित्र सगळ्यांना आवडलेलं असतं, त्यामुळे दिसणाऱ्या गोष्टींना हात लावायला कोणी तयार नसतं. कापलं जातं ते न दिसणारं. सिंकखालच्या कपाटात वॉटरप्रूफ प्लायऐवजी साधा प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, येतो. सॉफ्ट क्लोज (दार हळूच मिटवणाऱ्या) बिजागऱ्या साध्या होतात, ड्रॉवर ज्यावर सरकतात ते चॅनल हलके लागतात, प्लायवर चिकटवायचं १ मिमीचं लॅमिनेट ०.८ मिमीचं होतं. चित्र तसंच राहतं आणि ताबा मिळतो त्या दिवशी सगळं सुरेख दिसतं. पण सिंकखाली ओल धरली की पार्टिकल बोर्ड फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात.

‘आकडा आधी’ सांगितला तर तीच काटकसर कागदावर, मांडणीतच होते. सगळ्या खोल्यांचं फॉल्स सीलिंग वगळून फक्त हॉलमध्ये ठेवायचं, पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट पुढच्या वर्षी करायचं, पण जे करायचं ते चांगल्या प्लायमध्ये, असं ठरवता येतं. माझा कल या बाजूला आहे, तो याचसाठी.

आकडा पुरता वापरला जाईल ही भीती मात्र उरतेच. त्यावर उपाय आकडा लपवण्याचा नाही, अंदाजपत्रक वस्तूनिहाय मागण्याचा आहे. ‘बेडरूम फर्निचर, एकरकमी’ अशी ओळ चालवून घेऊ नये. प्रत्येक वस्तूचं माप, मटेरिअल, जाडी, हार्डवेअरचा प्रकार, दर आणि रक्कम वेगवेगळी लिहून हवी. मोजणी कशी करणार तेही विचारावं. ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच कपाट समोरून ४२ चौरस फूट भरतं. वर २ फुटांचा लॉफ्ट (छतालगतचं साठवणीचं कपाट) असेल तर १२ चौरस फूट आणखी, म्हणजे ५४. एकाच दराचं कोटेशन दोघांनी दिलं, पण एकाने लॉफ्ट धरला आणि दुसऱ्याने सोडला, तर बिलात २८ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. आतले ड्रॉवर दरात आहेत की वेगळे, हाही त्यातलाच प्रश्न.

काही जण तिसराच मार्ग धरतात: जवळ दहा असतील तर सात सांगायचे. मला हा सगळ्यांत वाईट वाटतो. डिझायनर सातच्या हिशेबाने मटेरिअल निवडतात, काम अर्धं झाल्यावर घरचे एकेक वस्तू वरच्या दर्जाची करायला सांगतात, आणि केलेलं उचकटण्याची मजुरी वेगळी बसते. राखीव रक्कम ठेवणं ही निराळी आणि आवश्यक गोष्ट आहे. एकूण रकमेतले १० ते १५ टक्के बाजूला काढून उरलेला आकडा सांगावा. ‘थोडी राखीव रक्कम आहे, पण ती अडचणींसाठी, हौसेसाठी नाही’ एवढं बोललं तरी पुरे.

खर्चाचा खरोखरच अंदाज नसेल तर एक मधला रस्ता आहे. फक्त किचनचं साधं आणि उंची अशा दोन दर्जांचं ढोबळ अंदाजपत्रक मागावं. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. आपली रक्कम कुठे बसते ते त्यातून कळतं आणि पूर्ण घराचा आकडा जबाबदारीने सांगता येतो.

बांधकाम चालू असलेल्या घरात आकड्याइतकीच त्याची हद्द महत्त्वाची. फ्लोअरिंग, बाथरूमच्या टाइल्स, नळ, आतली दारं, किचनचा ओटा, वायरिंग: यातलं बांधकामाच्या खात्यात काय आणि इंटिरियरच्या खात्यात काय? आर्किटेक्ट, बांधकामाचे कंत्राटदार आणि डिझायनर यांना एकत्र बसवून ही यादी लिहून घ्यावी. नाहीतर एखादी वस्तू दोन्हीकडे धरली जाते, किंवा कुणाकडेच नाही. बोलणी प्लास्टरच्या आधी झाली तर बेडजवळचे स्विच, एसीच्या पाण्याचा पाइप, चिमणीचं भोक हे सगळं वेळेत ठरतं. नंतर ठरलं तर भिंत पुन्हा फोडावी लागते आणि तो खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

फीचा प्रकारही या बोलण्यावर परिणाम करतो. खर्चाच्या टक्क्यांवर फी असेल तर खर्च वाढला की फी वाढते, म्हणून तिथे वरची मर्यादा लिहून घ्यावी, आणि फ्रिज, टीव्ही यांसारख्या तयार वस्तू त्या खर्चात मोजायच्या नाहीत असं ठरवावं. सांगितलेल्या बजेटमध्ये फी आहे की बाहेर, तेही स्पष्ट हवं. १०० च्या बजेटमध्येच १० टक्के फी बसवायची तर प्रत्यक्ष कामाला ९१ च्या आसपासच उरतात. चौरस फुटावर फी असेल तर कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंती धरून), हे विचारावं. ठरावीक रकमेची फी मला सगळ्यांत स्वच्छ वाटते, फक्त किती वेळा डिझाइन बदलून मिळेल ते त्यात नमूद असावं.

डिझाइनपासून सुतारकामापर्यंत सगळं एकाच्याच हाती सोपवलं तर धावपळ वाचते, पण डिझाइन करणारा आणि बिल लावणारा एकच होतो. तिथे वस्तूनिहाय यादीशिवाय सही करू नये. हप्ते तारखांऐवजी झालेल्या कामाशी बांधावेत, आणि काम सुरू झाल्यावरचा कोणताही बदल आधी लेखी दर, मग होकार, याच क्रमाने करावा.