स्नोमोबाईलचं इंजिन विमानाला: टू-स्ट्रोक रोटॅक्स, यामाहा एपेक्स की सरळ 912?

अमेरिका-कॅनडात घरी विमान बांधणाऱ्यांच्या विमानाचा सांगाडा जमेल तसा, पगारापगाराने उभा राहतो. इंजिनाचे पैसे मात्र एकरकमी मोजावे लागतात. खास विमानासाठी बनवलेलं फोर-स्ट्रोक इंजिन, रोटॅक्स 912 यूएलएस, नवं घ्यायला गेलात तर वीस हजार डॉलरच्या वरच जातं. आणि तिकडे मिनेसोटात किंवा क्वेबेकमध्ये थंडी सरली की ठोकलेल्या स्नोमोबाईल (बर्फावर रबरी पट्ट्यावर धावणाऱ्या गाड्या) भंगाराच्या आसपासच्या भावाने विकायला निघतात, आत दीडशे हॉर्सपॉवरचं धडधाकट इंजिन असूनही. मोह होणारच.

हा मोह जुना आहे. 1980 च्या आगेमागे अल्ट्रालाइटची, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानांची, लाट आली तेव्हा क्विकसिल्व्हर एमएक्ससारख्या विमानांवर मिनेसोटातलं क्वायुना 430 बसत असे, ते मुळात स्नोमोबाईलचं इंजिन. ऑस्ट्रियातली रोटॅक्स 1970 पासून बॉम्बार्डियरकडे, म्हणजे स्की-डू स्नोमोबाईल बनवणाऱ्यांकडे होती. तिची 377, 447, 503 ही विमानी इंजिनं त्याच गोतावळ्यातली. बंगळुरूच्या राजहंस अल्ट्रालाइट्सच्या एक्स-एअरवर दिसणारं 582 सुद्धा याच टू-स्ट्रोक घराण्यातलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्नोमोबाईलचं इंजिन स्वस्त पडतं. इंजिन आणि प्रॉपेलर यांच्या मधलं जे काही असतं ते महाग पडतं. म्हणून हॉर्सपॉवरची तुलना बाजूला ठेवून आधी गिअरबॉक्स बघा.

गिअरबॉक्सचं गणित

503 ची पूर्ण ताकद मिनिटाला 6500 फेऱ्यांच्या आसपास मिळते. 1.8 मीटर व्यासाचा प्रॉपेलर या वेगाने थेट फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 600 मीटरच्या वर जाईल. आवाजाचा वेग साधारण 340. अशा प्रॉपेलरमधून नुसता गोंगाट निघेल, ओढ नाही. रोटॅक्सच्या बी गिअरबॉक्सचं 2.58 चं गुणोत्तर लावलं की फेऱ्या अडीच हजारांवर येतात आणि टोकाचा वेग 237 मीटरच्या घरात. हे झालं सोपं.

अवघड भाग आहे धक्क्यांचा. स्नोमोबाईलमध्ये इंजिन आणि पट्ट्याच्या मध्ये रबरी बेल्टचं सीव्हीटी (स्कूटीसारखं आपोआप गिअर बदलणारं) असतं; प्रत्येक स्फोटाचा हिसका तो बेल्ट गिळतो. विमानात बेल्ट गेला, त्या जागी दात्यांची चाकं आली आणि पलीकडे प्रॉपेलरचं जड फ्लायव्हील. मंद फेऱ्यांवर ही चाकं एकमेकांवर आपटतात आणि क्रँकचा शाफ्ट पिळला जातो. रोटॅक्सने याची मर्यादाच ठरवून दिली आहे: बी बॉक्सला प्रॉपेलरचं जडत्व 3000 किलो-चौ.सेंमीपर्यंत, रबरी डॅम्पर असलेल्या सी बॉक्सला 6000. असा आकडा ज्या गिअरबॉक्सचा विक्रेता देऊ शकत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

टू-स्ट्रोक: हलकं, साधं, लहरी

अमेरिकेत पार्ट 103 या अल्ट्रालाइटच्या नियमाखाली उडायचं असेल तर रिकाम्या विमानाचं वजन 254 पौंड, म्हणजे 115 किलोच्या आत हवं. तिथे 40 हॉर्सपॉवरचं 447 किंवा फार तर 50 हॉर्सपॉवरचं 503 एवढीच चैन परवडते. यामाहाच्या एपेक्सचा (त्याबद्दल पुढे) विचारसुद्धा करू नका.

503 मध्येही दोन जाती. विमानी आवृत्तीला दुहेरी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक) इग्निशन असतं, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. स्नोमोबाईलमधल्या जुन्या 503 ला एकच प्लग आणि पॉइंट्सचं जुन्या पद्धतीचं यांत्रिक इग्निशन. क्रँकचं टोकही क्लचसाठी घडवलेलं. तेव्हा ‘दोन्ही एकच इंजिन आहे’ असं विकणारा म्हणाला तर अर्धंच खरं धरा. 503 चं उत्पादन केव्हाच थांबलंय, पण वापरलेली विमानी आवृत्ती मिळते. दोनशे-चारशे डॉलर वाचवायला स्नोमोबाईलची आवृत्ती घेणं मला तरी पटत नाही.

टू-स्ट्रोकचा खरा स्वभाव उतरताना कळतो. तेल पेट्रोलात पन्नासास एक मिसळलेलं, म्हणजे थ्रॉटल मिटला की तेलही आटलं. जुनी चेतक थ्रॉटल बंद करून कसाऱ्याचा घाट उतरवणाऱ्यांना हे सांगायला नको. फरक एवढाच की तिथे रस्त्याकडेला थांबता येतं. कार्ब्युरेटरचा जेटही (पेट्रोल सोडणारं छिद्र) ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. उणे 25 अंशांतली हवा 30 अंशांतल्या हवेपेक्षा वीसएक टक्के घट्ट असते. उन्हाळ्यात बसवलेला जेट जानेवारीत तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), एक्झॉस्टचं तापमान 650 अंशांची मर्यादा ओलांडतं आणि इंजिन सीझ होतं. रोटॅक्सच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच बजावलंय की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं. ओव्हरहॉल 300 तासांनी.

यामाहा: ताकद भरपूर, काम त्याहून जास्त

यामाहाने 2003 च्या मॉडेलमध्ये आरएक्स-1 आणलं: चार सिलिंडर, 998 सीसी, आर1 मोटरसायकलवरून घेतलेलं फोर-स्ट्रोक. 2006 मध्ये त्याचंच फ्युएल इंजेक्शनवालं रूप, एपेक्स. दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर. घरगुती विमानवाल्यांमध्ये एपेक्स गाजलं ते आखूड धावपट्टीच्या स्पर्धांमुळे. आयडाहोच्या स्टीव्ह हेन्री यांचं टर्बो लावलेलं हायलँडर विमान पाहिलं की आपल्यालाही तेच हवंसं वाटतं.

इंजिन जवळजवळ साडेदहा हजार फेऱ्यांवर चालतं, पण आतच थोडं गिअर रिडक्शन असल्यामुळे बाहेरचा शाफ्ट त्याहून सावकाश फिरतो. त्यावर बाहेरचा गिअरबॉक्स लागतोच. तो तयार मिळतो, आणि एपेक्सच्या बाजूने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मग रेडिएटर. स्नोमोबाईलमध्ये उष्णता पट्ट्यावरच्या पत्र्याच्या बोगद्याखाली बसवलेल्या पाण्याच्या पट्ट्यांतून उडत्या बर्फात जाते. विमानात रेडिएटर, त्याचा हवेचा मार्ग, नळ्या, पाणी सगळं नव्याने. ड्राय सम्पची, म्हणजे इंजिनाबाहेर असणारी, तेलाची टाकीही कुठेतरी बसवावी लागते. हे सगळं धरलं की वजन 912 पेक्षा वर जातं, नाक जड होतं, बॅटरी शेपटाकडे सरकवावी लागते.

विजेचं जंजाळ वेगळंच. इंधन पंप आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) दोन्ही बॅटरीवर, प्रत्येक सिलिंडरला प्लग एकच. यामाहाच्या स्नोमोबाईलमध्ये थ्रॉटल अडकला तर इंजिनाच्या फेऱ्या दाबून धरणारी टीओआरएस नावाची सुरक्षा असते. जमिनीवर उत्तम, टेकऑफच्या वेळी केबल किंचित सैल पडून तिने फेऱ्या तोडल्या तर संपलंच. ती वायरिंगमधून नीट काढावी लागते. आणि यामाहाने स्नोमोबाईल बनवणं 2025 च्या मॉडेलनंतर थांबवलंय, हेही लक्षात असू द्या. सुटे भाग आज मिळतात, म्हणून पंधरा वर्षांनीही मिळतीलच असं नाही.

912

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हाच त्याचा गुण. 100 हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स कारखान्यातूनच बसलेला, नव्या इंजिनांना ओव्हरहॉल 2000 तासांनी. उड्डाणचाचणीत मात्र त्याचा फायदा धरू नका: अमेरिकेत सर्टिफाइड (सरकारी मान्यता असलेल्या) इंजिन-प्रॉपेलर जोडीला साधारण 25 तास, इतरांना 40. यूएलएस सर्टिफाइड नाही, त्यामुळे तेही एपेक्सच्याच रांगेत.

ज्यांना उडायचं आहे त्यांनी वापरलेलं 912 शोधावं. एकट्याचं हलकं विमान असेल तर 447 किंवा 503 ची विमानी आवृत्ती. एपेक्स फक्त त्यांनी घ्यावं ज्यांना गॅरेजमधल्या दोन हिवाळ्यांचीच हौस आहे, आणि ज्यांचं विमान तेवढी ताकद झेलायला बांधलेलं आहे.

वापरलेलं टू-स्ट्रोक घेणार असाल तर क्रँककेसची प्रेशर टेस्ट करून घ्या. इनटेक-एक्झॉस्ट बंद करून आत सहा पीएसआय हवा भरायची आणि काही मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर क्रँकचं सील गेलेलं. तिथून हवा शिरली की जेट कितीही नीट लावा, मिश्रण पातळच राहतं. उन्हाळाभर शेडमध्ये पडून राहिलेल्या इंजिनात बेअरिंगवर गंजही सापडतो. क्रँक उघडण्याचा खर्च भावातून वजा करा आणि मगच बोली करा.